चौकातील गादी आणि विणकराची पायपीट
(बाजारात जागा निवडण्याच्या खेळाविषयी अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)

सुटीच्या दुपारी मराठी घरांतील मुले ‘व्यापार’ नावाचा खेळ मांडून बसतात. पुठ्ठ्याच्या पटावर शहरांची आणि रस्त्यांची नावे असतात. प्रत्येकाला सारखेच पैसे मिळतात, फासे टाकले जातात, आणि ज्याची सोंगटी मोक्याच्या घरावर पडते तो ते घर विकत घेतो. त्यानंतर त्या घरावर येणाऱ्या प्रत्येकाने त्याला भाडे मोजावयाचे. तासा-दोन तासांत एकाकडे सारा पट जमा होतो, उरलेले दिवाळखोर होतात आणि खेळ संपतो. मुलांना त्यातून शिकवण मिळते ती अशी की, जागा ओळखणारा शहाणा जिंकतो आणि इतर हरतात.

या खेळाचा पूर्वज मात्र नेमकी उलट शिकवण देण्यासाठी जन्मला होता. अमेरिकेतील एलिझाबेथ मॅगी या स्त्रीने १९०४ साली ‘जमीनदाराचा खेळ’ या नावाने त्याचे पेटंट घेतले. जमिनीचे भाडे हे श्रमाचे फळ नसून समाजाने निर्माण केलेल्या मूल्याची लूट आहे, हे हेन्री जॉर्ज यांचे मत तिला सामान्य माणसाच्या गळी उतरवावयाचे होते. म्हणून तिने खेळाला दोन प्रकारचे नियम दिले. एका प्रकारात मक्तेदार सर्व गिळतो. दुसऱ्यात जागेतून उत्पन्न होणारी संपत्ती सर्वांच्या वाट्याला येते. पुढे १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने चार्ल्स डॅरो यांच्याकडून ‘मोनॉपली’ नावाने या खेळाचे हक्क घेतले आणि मॅगीचे पेटंट ५०० डॉलर्स देऊन विकत घेतले. पहिले नियम घरोघरी गेले, दुसरे विस्मृतीत गेले. मक्तेदारीवरील टीकाच मक्तेदारीच्या मालकीची झाली.

प्रस्तुत विषय याच्याशी निगडित आहे. स्पर्धकांच्या गर्दीत दुकान कोठे थाटावे, गादी कोठे मांडावी, कारखाना कोठे उभारावा, हा प्रश्न बाहेरून चातुर्याचा खेळ वाटतो. परंतु हा खेळ कोण खेळतो, आणि कोणाच्या पायपिटीवर खेळतो, हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी वाराणसीसारखे शहर दुसरे सापडणे कठीण.

एका रस्त्याचे गणित

या खेळाचे शास्त्रीय स्वरूप प्रथम मांडले ते अमेरिकन गणिती हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी, १९२९ साली ‘इकॉनॉमिक जर्नल’ या नियतकालिकात. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साध्या उदाहरणाने समजून घेता येतो.

एक किलोमीटर लांबीचा सरळ रस्ता आहे असे समजा. त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतराने घरे आहेत. दोन दुकानदारांना तेथे दुकान काढावयाचे आहे. माल एकच, भाव एकच. प्रत्येक गिऱ्हाईक जवळच्या दुकानात जाणार. रहिवाशांच्या सोयीने पाहिले तर उत्तर उघड आहे. एक दुकान २५० मीटरवर असावे, दुसरे ७५० मीटरवर. मग कोणालाही २५० मीटरपेक्षा अधिक चालावे लागणार नाही आणि सरासरी चाल १२५ मीटर पडेल. दोन्ही दुकानांना निम्मी-निम्मी गिऱ्हाइके मिळतील.

परंतु ही मांडणी टिकत नाही. पहिल्या दुकानदाराच्या लक्षात येते की, आपण थोडे मध्याकडे सरकलो तर मागची गिऱ्हाइके कोठे जात नाहीत, आणि पुढची काही मात्र आपल्याकडे वळतात. तो सरकतो. दुसराही गप्प बसत नाही. अखेर दोघे रस्त्याच्या मधोमध, पाठीला पाठ लावून उभे राहतात. दोघांनाही पूर्वीइतकीच, म्हणजे निम्मीच गिऱ्हाइके मिळतात. कोणाचाही लाभ झालेला नाही. परंतु टोकाच्या रहिवाशाला आता ५०० मीटर चालावे लागते, आणि सरासरी चाल १२५ वरून २५० मीटर होते. दुकानदारांच्या या निष्फळ शर्यतीची किंमत गिऱ्हाइकांनी दुप्पट चालून मोजली.

तीन दुकानदार असतील तर खेळ कधीच स्थिर होत नाही. कडेचे दोघे मधल्याला चेपतात, चेपला गेलेला उडी मारून बाहेर पडतो, आणि पुन्हा तेच सुरू होते. चार असतील तर ते रस्त्याच्या पाव आणि पाऊण अंतरावर जोडी-जोडीने स्थिरावतात. दुकाने चार, पण जागा दोनच. गिऱ्हाइकाच्या पायपिटीच्या दृष्टीने निम्मी दुकाने असून नसल्यासारखी.

हॉटेलिंग हे काही मार्क्सवादी नव्हते. तरीही खासगी नफ्याला सोयीची जागा आणि समाजाला सोयीची जागा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांच्या गणितातून अटळपणे निष्पन्न झाले. ‘अदृश्य हात’ सर्व काही योग्य जागी ठेवतो, या श्रद्धेला हा धक्का होता.

मुक्त बाजाराच्या समर्थकांनी यावर एक आक्षेप घेतला आहे, आणि तो टाळून चालणार नाही. शेजारी-शेजारी बसलेले दोन विक्रेते भावही सारखाच ठेवतील हे कशावरून? एकाने भाव उतरवला की दुसऱ्याची सारी गिऱ्हाइके त्याच्याकडे येतील. हा आक्षेप खरा आहे. १९७९ साली दाप्रेमाँ, गाब्शेविच आणि तीस या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, विक्रेते फार जवळ आले की भाव स्थिर राहूच शकत नाही. आणि प्रवासाचा खर्च अंतराबरोबर अधिकाधिक वेगाने वाढतो असे धरले, तर विक्रेते एकमेकांपासून दूर, दोन टोकांना पळतात. म्हणजे भावाची खरी स्पर्धा असेल तर व्यापाऱ्याला शेजार परवडत नाही. प्रत्यक्षात मात्र व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या शेजारी-शेजारी बसलेले दिसतात. याचे कारण पुस्तकात नव्हे, बाजारात शोधले पाहिजे.

मदनपुरा, अलईपुरा आणि मधला चौक

वाराणसीचे जुने शहर गंगेच्या पश्चिम तीरावर दक्षिणोत्तर पसरलेले आहे. दक्षिणेकडे गोदौलियाच्या पलीकडे मदनपुरा, उत्तरेकडे अलईपुरा आणि जैतपुरा, ही विणकरांची जुनी वस्ती. या दोहोंच्या मध्ये चौक. चौकाच्या आसपास कुंज गली, रानी कुआँ, लक्खी चौतरा अशा अरुंद गल्ल्यांतून रेशमी साडीच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या गाद्या एकमेकींना चिकटून बसलेल्या आहेत. पांढऱ्या चादरी अंथरलेल्या या गाद्यांवर साडीचा घाट, वजन आणि जर पारखली जाते. हॉटेलिंगच्या रस्त्याचे एवढे हुबेहूब चित्र क्वचितच पाहावयास मिळते. उत्पादक दोन्ही टोकांना आणि व्यापारी मधोमध.

चित्र अर्थातच इतके सरळ रेषेतले नाही. मदनपुऱ्यातही मोठे गादीवाले आहेत. विणकर समाजातूनच वर आलेले ‘गिरस्त’ आहेत, जे इतरांकडून मजुरीवर माल विणून घेतात. लल्लापुरा, बजरडीहा अशा इतर वस्त्याही आहेत. तरी मुख्य सूत्र कायम राहते. ज्याचा हात मागावर आहे त्याला साडी घेऊन जावे लागते. ज्याची गादी आहे तो जागचा हलत नाही.

पुस्तकातील खेळ आणि बनारसची वस्तुस्थिती यांत एक मूलभूत फरक आहे. पुस्तकात चालणारा माणूस हा खरेदीदार असतो. येथे चालणारा माणूस विक्रेता आहे, आणि तोच उत्पादक आहे. स्वतःच्या हिमतीवर विणणारा विणकर पूर्ण झालेली साडी घेऊन ‘सट्टी’त, म्हणजे विणकरांचा माल जेथे खपतो त्या बाजारात जातो. तेथे दलाल त्याची साडी या गादीवरून त्या गादीवर दाखवतो. साडी विकली गेली नाही, तर ती पुन्हा काखेत मारून घरी परतावयाचे. माग तेवढा वेळ बंद. घरात पुढच्या ताण्याचे रेशीम उधारीवर आणलेले. अशा स्थितीत उद्या पुन्हा येण्याची ताकद व्यापाऱ्याकडे आहे, विणकराकडे नाही. सौद्याचा निकाल तेथेच लागतो.

आता शेजाराचे कोडे उलगडते. गाद्या शेजारी-शेजारी असण्याचे एक कारण निरुपद्रवी आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. कोलकात्याहून किंवा मुंबईहून आलेल्या घाऊक खरेदीदाराला एकाच गल्लीत वीस प्रकारचा माल पाहता येतो, म्हणून तो त्या गल्लीत येतो. एकटी, दूर बसलेली गादी त्याच्या वाटेवरच पडत नाही. परंतु दुसरे कारण निरुपद्रवी नाही. शेजारच्या गादीवर विणकराला काय भाव सांगितला, हे या गादीला क्षणार्धात कळते. एकाच धंद्यातील माणसे एकत्र आली की भाव ठरवण्याकडे त्यांचा कल होतो, हे भांडवलशाहीचे आद्य अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथ यांनी १७७६ सालीच नोंदवून ठेवले आहे. गिऱ्हाइकाच्या बाबतीत स्पर्धक असलेले व्यापारी विणकराच्या बाबतीत एका रांगेत उभे राहू शकतात. शेजार हा त्यांच्या स्पर्धेचा अडसर न ठरता, त्यांच्या एकजुटीचे साधन ठरतो.

या एकजुटीची रूपे विणकरांना परिचित आहेत. विणीतील बारीकशा दोषासाठी पैसे कापणे, रोखीऐवजी पुढच्या तारखेचा धनादेश देणे, आणि तोच धनादेश आधी वटवावयाचा तर बट्टा कापून घेणे, या गोष्टींची नोंद बनारसच्या विणकामावर लिहिणाऱ्यांनी वारंवार केली आहे. अंतराने आणि वेळेने गांजलेला माणूस हे सारे सोसतो. त्याची पायपीट हा व्यापाऱ्याच्या हिशेबात कोठेही न दिसणारा, पण प्रत्येक सौद्यात वसूल होणारा खर्च आहे.

विणकर तेथेच का राहतो?

यावर कोणी विचारील की, विणकराने आपली जागा का बदलू नये? खेळात प्रत्येकाला चाल असते; मग त्याची चाल कोठे आहे?

बनारसच्या परिसरात रेशीम होत नाही. ते कर्नाटकातून, बंगालमधून आणि परदेशातून येते. म्हणजे कच्च्या मालाच्या सान्निध्याने हा धंदा येथे टिकलेला नाही. तो टिकला आहे माणसांच्या सान्निध्याने. नक्षी कागदावर उतरवणारा नक्शबंद, जॅक्वार्डचे पत्ते छिद्रणारा, रंगारी, ताणा करणारा, नळ्या भरणाऱ्या घरातील स्त्रिया, तयार साडीला झिलई देणारा, ही सारी मंडळी हाकेच्या अंतरावर असतात म्हणून माग चालतो. एकाच धंद्याच्या वस्तीत कसब जणू हवेतून मुलांच्या अंगी येते, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली मांडलेले निरीक्षण मदनपुऱ्याला पुरेपूर लागू पडते. विणकर वस्ती सोडून गेला तर कसब बरोबर नेईल, पण कसबाभोवतीची ही सारी व्यवस्था नेऊ शकणार नाही.

इतिहासात त्याने जागा बदलली आहे, परंतु ती खेळाडूच्या ऐटीत नव्हे, निर्वासिताच्या पावलांनी. १८५७ च्या उठावानंतरच्या दडपशाहीत आणि पुढच्या दुष्काळांच्या काळात पूर्व उत्तर प्रदेशातील मोमिन विणकरांची कुटुंबे दक्षिणेकडे आली. मालेगाव आणि भिवंडी येथील यंत्रमागांच्या गावांचा पाया त्यांनीच घातला. आजही मालेगावच्या गल्ल्यांत जी बोली कानावर पडते, तिच्यात त्या प्रवासाच्या खुणा आहेत. महाराष्ट्रातील कामगार चळवळीच्या दृष्टीने बनारस हे परके शहर नाही, ते या कारणासाठी.

आणि विणकर जागेवर राहिला तरी बाजार जागेवर राहत नाही. सुरतच्या यंत्रमागांवर बनारसी नक्षीची नक्कल निघू लागली आणि ती बनारसच्याच दुकानांतून बनारसी म्हणून खपू लागली. २००१ साली आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध उठल्यानंतर चिनी रेशमी सुताचा आणि कापडाचा लोंढा आला. हातमागासाठी काही वाण राखून ठेवणारा कायदा १९८५ साली झाला होता. सुरुवातीला त्यात २२ वाण होते. पुढे ते ११ वर आले. २००९ साली ‘बनारस ब्रोकेड व साडी’ यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. म्हणजे कायद्याने जागेच्या नावाला मालमत्तेचे स्वरूप दिले. परंतु नावाचे संरक्षण हे नाव कमावणाऱ्या हाताचे संरक्षण आपोआप होत नाही. बनारस हे नाव मूल्यवान झाले. ते मूल्य गादीवर थांबले की मागापर्यंत पोहोचले, हा खरा प्रश्न आहे.

मार्क्सने ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात या व्यवस्थेचे वर्म सांगितले आहे. व्यापारी जेव्हा उत्पादनावर ताबा मिळवतो, तेव्हा तो जुनी उत्पादनपद्धती उलथून टाकीत नाही. तो ती आहे तशी राखतो, आणि उत्पादकाची अवस्था मात्र मजुराहून वाईट करतो. माग विणकराचा, घर विणकराचे, वीज विणकराची, आजारपणही विणकराचे. व्यापाऱ्याच्या हाती फक्त सूत, पत आणि जागा. पण तेवढ्यावर सारा खेळ त्याच्या हाती राहतो. त्याच ग्रंथात भूभाड्याचे विवेचन करताना मार्क्सने सुपीकतेबरोबर स्थान हे भाड्यातील फरकाचे दुसरे मोठे कारण म्हणून दाखवले आहे. चौकातील दहा हात जागेची किंमत त्या जागेने उत्पन्न केलेली नाही. दोन्ही टोकांकडून तेथे चालत येणाऱ्या हजारो पावलांनी ती उत्पन्न केली आहे.

उसाच्या फडातून तोच प्रश्न

हा प्रश्न केवळ बनारसचा मानणे चूक ठरेल. महाराष्ट्रातील साखर कारखानदारीत तो कायद्याच्या भाषेत उभा आहे.

ऊस तोडल्यावर त्यातील साखर तासागणिक उतरते. म्हणून शेतकऱ्याला तो दूर नेता येत नाही. जवळचा कारखाना हाच त्याचा गिऱ्हाईक. अशा वेळी दोन कारखान्यांतील अंतर किती असावे, हा तांत्रिक प्रश्न राहत नाही. केंद्राच्या नियमाने दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटरचे हवाई अंतर ठरवले आहे; महाराष्ट्रात ते २५ किलोमीटर करण्यात आले. या अटीच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे. कारखाने दाटीने उभे राहिले तर कोणालाच पुरेसा ऊस मिळत नाही, गाळप हंगाम अर्ध्यावर संपतो, आणि बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकतात. परंतु दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट आहे. पंचवीस किलोमीटरच्या वर्तुळात एकच वजनकाटा आणि एकच धुराडे असेल, तर भावाची घासाघीस करण्याचे शेतकऱ्याचे बळ संपते. २०१२ साली रंगराजन समितीने ही अंतराची अट आणि ऊसक्षेत्राचे आरक्षण दोन्ही काढून टाकण्याची शिफारस केली, ती याच कारणाने.

बनारसमध्ये गाद्या फार जवळ आहेत, महाराष्ट्रात कारखाने फार दूर ठेवले गेले आहेत. वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या या दोन मांडण्यांचा परिणाम मात्र एकच. एकीकडे अनेक खरेदीदार एका रांगेत बसून एका खरेदीदारासारखे वागू शकतात. दुसरीकडे कायद्यानेच खरेदीदार एक ठेवला आहे. म्हणून मीटर मोजून या प्रश्नाचा निकाल लागत नाही. अंतर किती, याच्या जोडीला अंतर कोण ठरवतो, हे विचारावे लागते.

पटच हलवणारा खेळाडू

आतापर्यंतच्या विवेचनात रस्ता स्थिर मानला होता. परंतु भांडवल आणि राज्यसंस्था या दोघांजवळ रस्ताच हलवण्याचे सामर्थ्य असते.

प्रेमचंदांचा जन्म १८८० साली बनारसजवळच्या लमही या गावी झाला. त्यांच्या ‘रंगभूमी’ कादंबरीचा सारा संघर्ष याच प्रश्नाभोवती फिरतो. बनारसच्या पांडेपूर भागात सूरदास नावाच्या आंधळ्या भिकाऱ्याची वडिलोपार्जित पडीक जमीन आहे. तेथे गावची गुरे चरतात. उद्योगपती जॉन सेवक याला सिगारेटच्या कारखान्यासाठी नेमकी तीच जागा हवी आहे. सूरदास विकण्यास नकार देतो. मग बाजाराचे नियम गुंडाळून ठेवले जातात आणि सत्तेचे नियम सुरू होतात. विशेष हे की, सूरदास आयुष्याकडेच खेळ म्हणून पाहतो. फसवणूक न करता खेळावे आणि हरलो तरी रडू नये, अशी त्याची धारणा आहे. प्रेमचंदांनी या धारणेतील उदात्तता दाखवली आणि तिचा पराभवही दाखवला. ज्या खेळात एका बाजूला नियम बदलण्याचा अधिकार आहे, त्यात दुसऱ्या बाजूच्या खिलाडूवृत्तीने निकाल बदलत नाही.

आजच्या वाराणसीतही पट हललेला आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ कॉरिडॉरचे उद्घाटन झाले. मंदिराचा सुमारे ३,००० चौरस फुटांचा परिसर सुमारे ५ लाख चौरस फूट झाला, आणि त्यासाठी सुमारे ३०० इमारती संपादन करून पाडण्यात आल्या. १७८० साली अहिल्याबाई होळकरांनी उभारलेल्या त्या मंदिराभोवती दोनशे वर्षांत गल्ल्यांची, दुकानांची, घरांची जी वीण तयार झाली होती, ती उसवली गेली. दर्शनाला येणाऱ्याला मोकळी वाट मिळाली, हे खरे. परंतु जागेच्या खेळाच्या दृष्टीने पाहिले तर वाट बदलली की बाजार बदलतो. जेथून लोक जात होते तेथील फुलवाला, माळावाला, चहावाला यांची जागा एका दिवसात आडवाटेला जाते, आणि नव्या वाटेवरील जागा ज्याला भाडे परवडते त्याच्याकडे जाते. मालकाचे नाव दस्तऐवजात असते. फेरीवाल्याचे नाव फक्त गिऱ्हाइकाच्या लक्षात असते.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्याने ही उणीव भरून काढण्याची तरतूद केली आहे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण झाल्याविना त्यांना हटवता येत नाही, नैसर्गिकरीत्या वाढलेल्या बाजारांचा विचार करावा लागतो, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. हा कायदा जागेच्या खेळात गरिबाला प्रथमच एक चाल देतो. ती चाल खेळली जाते की नाही, हे प्रत्येक शहरातील संघटनेवर अवलंबून आहे.

विणकरांसाठीही सरकारने एक जागा निवडली. शहराच्या जुन्या भागाबाहेर बडा लालपूर येथे व्यापार सुविधा केंद्राची पायाभरणी नोव्हेंबर २०१४ मध्ये झाली आणि २२ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीनदयाळ हस्तकला संकुल’ या नावाने त्याचे उद्घाटन झाले. विणकराने मध्यस्थाशिवाय माल विकावा, हा घोषित हेतू. हेतू चांगला आहे. परंतु वरील विवेचन ध्यानात घेतले तर तीन प्रश्न विचारणे भाग पडते. तेथपर्यंतची पायपीट कोणाची? साडी विकली जाईपर्यंत घर चालवण्यासाठी उचल कोण देणार? आणि पुढच्या ताण्याचे रेशीम कोणाच्या उधारीवर येणार? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर पुन्हा चौकातील गादी असेल, तर नवी इमारत कितीही भव्य असली तरी खेळाचा मध्यबिंदू हललेला नाही. मध्यस्थ हा केवळ जागेने मध्यस्थ होत नाही; तो पतपुरवठ्याने मध्यस्थ होतो.

मोबाइल फोनवरील बाजाराविषयीही हेच म्हणता येईल. अंतर नाहीसे झाले, आता मदनपुऱ्यातील विणकर थेट पुण्याच्या ग्राहकाला साडी विकील, असे सांगितले जाते. काही जण विकतातही, आणि ते स्वागतार्ह आहे. परंतु पडद्यावरही एक चौक आहेच. पहिल्या पानावर कोणाचा माल दिसावा, हे त्या बाजाराचा मालक ठरवतो. तेथील मोक्याच्या जागेचेही भाडे असते.

ठिपके आणि खेळाडू

कॉम्रेड्स, हॉटेलिंगच्या रस्त्यावर दोन प्रकारची माणसे आहेत. दुकानदार हलतात, विचार करतात, डाव टाकतात. गिऱ्हाइके मात्र रेषेवरील ठिपके आहेत. ते राहतात तेथेच राहतात, आणि जवळच्या दुकानात जातात. त्यांना चाल नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही एक सोयीची कल्पना आहे. समाजात मात्र ती एक वस्तुस्थिती आहे, आणि ती वस्तुस्थिती बदलता येते.

बनारसच्या इतिहासाने ते दाखवले आहे. १८१० साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने घरपट्टी बसवली, तेव्हा शहराने दुकाने बंद केली. लोहार, मिस्त्री, न्हावी, शिंपी, कहार, एकामागून एक धंद्यांनी काम सोडले, आणि हजारो माणसे घरे सोडून शहराबाहेर मोकळ्या जागी धरणे धरून बसली. या घटनेचा अर्थ जागेच्या भाषेत पाहण्यासारखा आहे. सरकारला घरावर कर हवा होता, तर माणसांनी घरच रिकामे केले. ठिपके रेषेवरून उठून गेले. रेषेवर जर कोणी नसेल, तर मध्यबिंदूलाही किंमत उरत नाही. अखेर सरकारला तो कर सोडून द्यावा लागला.

हीच परंपरा बनारसच्या विणकरांच्या शब्दकोशात ‘मुर्री बंद’ या नावाने जिवंत आहे. माग थांबवण्याच्या संपाला तेथे मुर्री बंद म्हणतात. २००६ पासून यंत्रमागांना मिळणारा विजेचा ठोक दर काढून मीटरप्रमाणे आकारणी करण्याचा निर्णय झाला, तेव्हा २०२० साली विणकरांनी मुर्री बंद पुकारला. महामारीने बाजार आधीच बसलेला असताना, हातात शिल्लक नसताना, मदनपुऱ्यापासून अलईपुऱ्यापर्यंत माग थांबले. एकेकटा विणकर चौकात साडी घेऊन जातो, तेव्हा अंतर त्याच्या विरुद्ध असते. सारे मिळून जेव्हा जात नाहीत, तेव्हा तेच अंतर गादीच्या विरुद्ध जाते.

संप ही नित्याची व्यवस्था होऊ शकत नाही, हेही तितकेच खरे. नित्याची व्यवस्था म्हणजे सूत, पत आणि विक्री या तिन्ही गोष्टी एकत्र हाती घेणारी विणकरांची सहकारी संस्था, जिचा कारभार खरोखर विणकरांकडे असेल. कागदावर विणकरांची आणि व्यवहारात व्यापाऱ्याची, अशा संस्था अनेकांनी पाहिल्या आहेत; त्यांची नावे पाटीवर राहिली आणि अनुदान गादीवर गेले. म्हणून सहकाराची कसोटी तीन साध्या प्रश्नांत आहे. सूत विणकराच्या वस्तीत मिळते काय? साडी दिल्या दिवशी काही रक्कम हातात पडते काय? आणि हिशेबाची वही विणकराला, व मागामागे नळ्या भरणाऱ्या त्याच्या घरातील स्त्रीला, पाहावयास मिळते काय? या तिन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तर संस्थेचे दुकान रस्त्याच्या पाव अंतरावर, म्हणजे लोकांच्या दाराशी, टिकू शकते. कारण मध्याकडे पळण्याचे त्याला कारणच उरत नाही.

मॅगीच्या खेळाला दोन प्रकारचे नियम होते. पट तोच, फासे तेच, सोंगट्या त्याच. फक्त जागेतून येणारे उत्पन्न कोणाचे, एवढा एकच नियम बदलला की एका खेळात एक माणूस सर्वांना बुडवतो आणि दुसऱ्यात सर्व तरतात. ही गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी मुलांना कळावी म्हणून एका स्त्रीने पुठ्ठ्यावर आखून ठेवली होती. संध्याकाळी काखेत साडी मारून चौकाच्या दिशेने निघालेल्या विणकराला ती पुठ्ठ्यावाचूनही ठाऊक आहे. त्याला खेळाचे नियम समजावून सांगण्याची गरज नाही. ते नियम ठरवताना तो उपस्थित असावा, एवढीच गरज आहे. आणि ते काम त्याच्या एकट्याचे नाही.